लग्नाचा रकाना

स्कॅन केलेल्या पानाच्या डाव्या कडेला एक अंगठा आलाय. त्यावर नोटा मोजणारे घालतात तसली रबरी टोपी. पान उडू नये म्हणून कुणीतरी धरलं असणार आणि तेवढ्यात फोटो निघाला असणार. पानावर शाईने आखलेले रकाने आहेत. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. पलीकडच्या अर्ध्या भागात गेलेल्यांची नावं, वय आणि कशाने गेले ते: ताप, देवी, पटकी, हगवण. ब्रह्मपुरीकडच्या एका गावाचं हे कोतवाल बुक. अंगठ्याखाली नेमकं एक नाव दबलंय. पान कितीही मोठं केलं तरी बाहेर ‘रा’ एवढंच दिसतं. रामा, राघो, राजेराम, कुणीही असेल.

ही पानं चाळायची सवय मला पुतणीमुळे लागली. तिला जात वैधता काढायची होती. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि जितका जुना तितका बरा असं तालुक्याच्या गावी कुणीही सांगतो. म्हणून शाळेचं दाखल-खारीज पाहिलं, अधिकार अभिलेख पाहिले, शेवटी कोतवाल बुक. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या प्रश्नातून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी राज्यभरातल्या रेकॉर्ड रूममधले गठ्ठे सुटले. कधी नव्हे ते हे जुने कागद लोकांना घरबसल्या दिसू लागले. पुतणीचं काम झालं, तिला प्रमाणपत्र मिळालं, ती पुण्याला गेली. मी मात्र रात्रीची जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडून बसतो. घरचे विचारतात, आता काय शोधता? मी म्हणतो, आजीचं लग्न.

कोतवाल बुकात लग्न सापडणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्यात लग्नाचा रकानाच नाही. मध्य प्रांताच्या सरकारला गावात किती जन्मले आणि किती मेले, कुठे पटकी आली, कुठे देवी आल्या, एवढंच हवं होतं. कोतवाल ती खबर ठाण्यावर नेऊन द्यायचा. त्याला स्वतःला लिहिता येत असेलच असं नाही. पुष्कळदा सांगणारा एक आणि लिहिणारा दुसराच. कुणाच्या मांडवात कुणाची पोर उभी राहिली याच्याशी ठाण्याला काय देणंघेणं?

माझ्या वडिलांचा जन्म मला सापडला. ओळीत आजोबांचं नाव आहे, जात आहे आणि ‘मुलगा’ असा शब्द आहे. मुलाचं नाव नाही, कारण बारसं व्हायचं होतं. आईचं नाव नाही, कारण तो रकाना नाही. जिने नऊ महिने पोटात वाढवला, दगडी उंबऱ्याच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत जन्म दिला, ती त्या ओळीत कुठेच नाही. मिसलीत, पेरेपत्रकात, अधिकार अभिलेखात शेत ज्याचं त्याचं नाव. बापाखाली लेक, लेकाखाली त्याचा लेक. हे सगळे कागद एकत्र जोडले तर सात पिढ्यांचे पुरुष एका ओळीत उभे करता येतात. बायका बाहेरून आल्या आणि बाहेर गेल्या, मधल्या काळात त्यांनी काय केलं ते कागदाला माहीत नाही. वंशावळ म्हणून तहसीलमध्ये जी सादर करतात तीत तर मुलींच्या जागी पुष्कळदा नुसती फुली असते. काम पुरुषांच्या ओळीनेच भागतं.

मग ज्यांच्याकडे लग्नाचे रकाने होते त्यांचे कागद पाहायची चटक लागली. इंग्रजी अमलातल्या चर्चमधल्या विवाहनोंदींच्या प्रती लंडनला जात असत. इंडिया ऑफिसच्या कपाटांतले ते थोराड ग्रंथ आता परदेशी वंशावळीच्या संकेतस्थळांवर आले आहेत. २०१४ साली त्यातला फार मोठा साठा एकदम खुला झाला. आमच्या वरोऱ्याला १८७० च्या दशकात कोळशाची खाण निघाली, तिच्यामागे वर्ध्याहून आगगाडी आली, आणि खाणीचे, रेल्वेचे गोरे साहेब आले. अशा माणसांची लग्नं त्या ग्रंथांत सापडतात. काय ती तालेवारी! वराचं नाव, वधूचं नाव, दोघांचं वय, दोघांचा धंदा, राहण्याचं ठिकाण, दोघांच्याही बापाचं नाव, पाद्रीची सही, साक्षीदारांच्या सह्या. ज्याला सही येत नसेल त्याची फुली आणि फुलीखाली ही अमक्याची खूण असा खुलासा. मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. माझ्या आजीचं वय कुणाला माहीत नव्हतं. तिच्या बापाचं नाव मी तिच्या तेराव्याला ऐकलं.

त्या नोंदीत आणखी एक रकाना असतो. माणूस कोणत्या स्थितीत लग्नाला उभा आहे त्याचा: अविवाहित, विधुर, विधवा. एकोणिसाव्या शतकातल्या एका छावणीच्या गावातल्या पानावर मी मोजायला लागलो तर विधवांची संख्या थांबेना. नवरा तापाने गेला, सहा-आठ महिन्यांत दुसऱ्याशी लग्न. उघड, शाईने, साक्षीदारांसमक्ष. त्या शब्दाकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. तो का खुपला, ते पुढे कळलं.

१८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं देशी ख्रिश्चनांची लग्नंही नोंदवहीत आणली. संवत १९५६ चा, आपल्याकडे ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात तो, १८९९–१९०० साली पडला तेव्हा मध्य प्रांतातल्या मिशनांनी पुष्कळ पोरकी मुलं सांभाळली. ती मोठी झाली, त्यांची एकमेकांशी लग्नं लागली. त्या नोंदीत बापाच्या नावाचा रकाना भरताना पाद्री काय करत असेल? सगळे रकाने आहेत, भरणारा आहे, सही करणारा आहे, आणि बापाचं नाव कुणालाच माहीत नाही. आमच्याकडे उलटं. नावं सगळ्यांना तोंडपाठ, रकानाच नाही.

हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही अशीच मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाच्या मॉर्मन लोकांनी केली आहे. घराणं, गाव, कोण कुणाबरोबर आला, सुनेचं माहेर कुठलं, असलं बरंच त्या वह्यांत मिळतं म्हणतात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे तशा नामावळ्या अजून त्यांच्या घरच्या कपाटांत आहेत. आमच्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतला धानवाला मात्र महाशिवरात्रीला मार्कंड्याला जायचा, वैनगंगेत बुडी मारायचा आणि जत्रेतून पोरांसाठी फुटाणे घेऊन यायचा. हरिद्वार त्याने फक्त कीर्तनात ऐकलेलं.

चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, इतिहासातलं सर्वांत गाजलेलं लग्नसुद्धा अशा तोंडी परंपरेतच राहिलंय. गोंडराजा वीरशहा याचा दुसऱ्या लग्नाच्या वेळी त्याच्याच पदरच्या हिरामण नावाच्या रजपुताने खून केला, असं सांगतात. राणी हिराईने त्याची समाधी बांधली. झरपट नदीच्या काठी, अचलेश्वराच्या देवळाला लागून ती अजून दिमाखात उभी आहे. पुढे हिराईने मुलगा दत्तक घेऊन राज्य सांभाळलं. समाधी दिसते, दत्तक घेतल्याचं सांगतात, राणीचं नाव सगळ्यांच्या तोंडी. पण ती दुसरी नवरी कोण, तिचं पुढे काय झालं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मांडवातून ती परत कुठे गेली असेल, असा विचार समाधीच्या आवारात फिरताना माझ्या मनात येतो. इतिहासाच्या प्राध्यापकांना तो फारसा पसंत पडत नाही.

आमची आत्या वडशाला असते. ऐंशी पार केलेली आहे, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. मी तिला पहिल्यांदा विचारलं, आजीच्या लग्नाचं कुठे काही लिहिलेलं होतं का, तेव्हा ती हसली. “कोन लिवते बाप्पा? सारं गाव होतं नं मांडवात.”

यावर बोलायला मला काही सुचलं नाही. मांडवात गाव असलं की झालं. आंब्या-जांभळाच्या डहाळ्या कुणी तोडून आणल्या, डाळ कुणाच्या घरी शिजली, कोण रुसला, कोणाची रेंगी नाल्यात फसली, हे सगळं पन्नास तोंडांत साठवलेलं. तारखा मात्र अशा की आपण गणित करत बसावं. मानमोडीच्या साथीच्या सालानंतरच्या दुसऱ्या मंडईला. मालगुजारी तलाव फुटला त्या वर्षी. धान कापून झाल्यावर, पण कापलेलं शेतातच कुजलं त्या साली नाही, त्याच्या पुढच्या. झाडीत सोयरिकी बऱ्याचशा दिवाळीनंतरच्या मंडयांत, म्हणजे गावोगावच्या जत्रांत, जुळत. रात्री नाटक, दिवसा पाहुणे, आणि मध्ये कुठेतरी कुणाच्या पोरीची गोष्ट निघायची.

गोंडांमध्ये हे साठवण्याचं काम परधानांचं. किंगरी वाजवत ते यजमानाच्या कुळीची कथा गातात. कोण चार देवांचे, कोण पाच, कोण सहा, कोण सात, त्यावरून कुणाची मुलगी कुणाला चालते ते ठरतं. म्हणजे ज्यांना आपण लिहिता न येणारे म्हणतो त्यांच्याकडे सोयरिकीची शिस्त तहसीलपेक्षा काटेकोर होती. फक्त ती नकलेच्या अर्जावर मिळत नाही. कायद्यालाही एकदा हे पटलेलं आहे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे तीत वडीलधाऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं कथनही धरलंय. धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तो याच कायद्याखाली. म्हाताऱ्याचं बोलणं सातबाऱ्याशेजारी बसलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. जात पडताळणीच्या टेबलावर आमच्या आत्याचं बोलणं कुणी कागदावर घेतलं नव्हतं.

तर त्या दिवशी वडशाला आत्याच्या न्हाणीत हात धुवायला गेलो. कोपऱ्यात पितळेचा गुंड होता, पाणी भरलेला, राखेने घासून लखलखीत. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं टाकलेली होती. आंदणाच्या भांड्यावर नाव टाकून द्यायची रीतच होती. तांबटाकडे छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला माणूस असायचा, अक्षराला काय ते पैसे घ्यायचा, त्यामुळे मजकूर तारेसारखा तुटक. घासून घासून निम्मे ठिपके पुसट झाले होते. मी गुंड उजेडात आणला, पाणी बादलीत ओतलं, बोटाने चाचपत वाचलं. आजीच्या मामाचं नाव. त्याखाली ‘भाचीस लग्नात’. मग ‘फागुन’ आणि ‘सन १९३०’.

मी आत्याला म्हटलं, “आत्या, तीस साली आजी आठ-नऊ वर्षांची असंल. आजोबांशी लग्न तर पुष्कळ नंतरचं.”

आत्या तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, “थो गुंड पहिल्या घरचा होय.”

मग तिने सांगितलं ते असं. आजी लहानपणीच दिलेली होती, वैनगंगेपलीकडे, आरमोरीकडच्या एका गावात. मोठी झाल्यावर सासरी गेली. नवरा तापाने गेला. ती माहेरी परत आली तेव्हा मामाने दिलेली भांडी सोबत आली, कारण ती तिची होती. दोन-अडीच वर्षांनी आमच्या आजोबांशी मोहतूर, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागला. मोहतुराला वाजंत्री नाही, अक्षता नाहीत, दिवसाउजेडी मांडव नाही. रात्री चार माणसं, नवं लुगडं, बांगड्या, झालं. आत्या म्हणते ते सारं गाव ज्या मांडवात होतं तो मांडव या लग्नाचा नव्हताच. तो पहिला होता, नदीपलीकडचा.

फागुन १९३०. घरी आल्यावर मी जुनं पंचांग जुळवून पाहिलं. त्या वर्षी फाल्गुन संपला तो मार्चच्या शेवटाला, आणि सारडा कायदा लागू झाला १ एप्रिल १९३० ला. चौदा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न करणाऱ्यांना शिक्षा, असं त्यात होतं. त्याआधीच्या महिन्यांत देशभर लग्नांची नुसती झुंबड उडाली. सरकार पोरी अडवून धरणार, मग त्या घोडनवऱ्या होणार, या भीतीने पाळण्यातली, मांडीवरची लेकरं उजवून टाकली. १९३१ च्या जनगणनेत लहान वयातल्या विवाहितांचे आकडे त्यामुळे एकदम फुगले. तो फुगवटा जनगणनेच्या जाड अहवालात अजून आहे. लाखो पोरींच्या त्या गर्दीत आठ-नऊ वर्षांची माझी आजी असणारच. सरकारी कागदावर तिच्या लग्नाचा ठसा उमटलाय तो एवढाच, एका आकड्याच्या पोटात. लेखी पुरावा एका मामाने तांबटाला पैसे देऊन करून ठेवला.

वडिलांना हे माहीत होतं का? असावं. त्यांनी कधी सांगितलं नाही. आमच्या घरात आजोबांच्या लग्नाची गोष्ट निघाली की वडील बैलांच्या गोष्टीवर यायचे. विधवेचं लग्न झालं याची लाज आमच्या जातीत तेव्हा नव्हती, पूर्वापार चाललेलीच रीत ती. लाज नंतर आली, मुलं शिकली, नोकरीला लागली, नागपूरला वरच्या जातींच्या शेजारात राहायला गेली तेव्हा. गोऱ्यांच्या पानावर ‘विधवा’ हा शब्द उघड्यावर बसलेला पाहून मला खुपलं होतं ते हेच असावं. शिकलेल्या लेकाने शब्द झाकला होता. आजीने गुंड कधी झाकला नाही. आयुष्यभर ती त्यातलं पाणी आजोबांना देत आली.

आता लग्नाची नोंद सोपी आहे. महाराष्ट्राचा १९९८ चा कायदा आहे, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांची लग्नं नोंदवा म्हणून सांगितलं, ग्रामपंचायतीत नमुना ‘ड’ भरून द्यायचा. गडचिरोलीत अलीकडे सामूहिक विवाहसोहळे होतात. आदिवासी जोडपी असतात, आत्मसमर्पण केलेले नक्षलवादी असतात, कुणाच्या कडेवर लेकरू असतं, कारण गावजेवण परवडेपर्यंत संसार थांबलेला नसतो. शंभर वर्षांनी कुणी पणतू त्यांची पानं उघडेल तेव्हा त्याला आईबापाच्या लग्नाची तारीख मुलाच्या जन्मानंतरची दिसेल. तो डोकं खाजवील. मांडवात कोण रडलं, कोण हसलं, हे त्याला सांगायला आत्या नसेल. मला त्याची थोडी कीव येते आणि थोडा मत्सरही वाटतो, कारण त्याच्याकडे निदान पणजीची सही असेल.

पुतणीने फोनवर वंशावळीचं एक अॅप घेतलंय. तिने आजीच्या नावापुढे जोडीदार म्हणून आजोबांना बसवलं. मी म्हटलं, आणखी एक जागा कर. ती म्हणाली, काका, नाव काय टाकू? नाव आम्हाला माहीत नाही. आत्याला माहीत असावं. सवतीचं नाव घेतात तशा अडखळत्या सुरात ती ‘पहिल्या घरचा’ म्हणते आणि पुढे जाते. परवा मात्र तिनेच फोन केला. विचारलं, “बाबू, थ्या तुझ्या बुकात जन्मलेली पोर सापडते नं?” मी म्हटलं सापडते, बापाच्या नावाखाली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, तिच्या आईला, म्हणजे आजीला, तिकडे एक मुलगी झाली होती म्हणत, जगली की नाही कुणी सांगत नव्हतं.

म्हणजे कोतवाल बुकाचा आता उपयोग आहे. लग्न मिळणार नाही, पण आरमोरीकडच्या त्या गावाचं १९३५ ते ३८ चं पान मिळालं तर एका बापापुढे ‘मुलगी’ असेल. नसली तर पलीकडच्या अर्ध्या पानात पाहावं लागेल. ते गाव १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात, आम्ही चंद्रपुरात. तिकडचे गठ्ठे अजून मला स्क्रीनवर दिसलेले नाहीत. नकलेचा अर्ज लिहून ठेवलाय. बापाच्या नावाची जागा कोरी आहे. आत्या म्हणते, अर्ज घेऊन ये, मीही येते गाडीत, पण नाव मी तिथेच सांगीन, साहेबासमोर. घरी नाही.